पक्ष्यांचं हजेरीपत्रक

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि या चौतीस वर्षांत हिने मला दाखवलेला एकही पक्षी मी पाहिलेला नाही.

हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. मी एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, मधे किती वेळ बेपत्ता होता, हे लिहून ठेवणं माझं काम. तेव्हा आकड्यांच्या बाबतीत मी उगीच तोंड उघडत नाही. एकही नाही म्हणजे एकही नाही.

पद्धत ठरलेली आहे. आम्ही कुठल्यातरी गाडीने कुठेतरी निघालेलो असतो. ही खिडकीशी, आणि शेजारी मी, हातात वेळापत्रक घेऊन. (गाडी उशिरा धावते आहे हे मला माहीत असतं, पण नक्की किती, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.) एवढ्यात ही माझ्या गुडघ्यावर चापट मारते.

"अहो, ते बघा, ते बघा!"

"कुठे?"

"अहो ते काय, खांबाच्या डावीकडे!"

मी वेळापत्रक मिटतो, वाचायचा चष्मा काढतो, लांबचा चष्मा शोधतो, तो कपाळावरच सापडतो, तो डोळ्यांवर ओढतो आणि खांबाच्या उजवीकडे बघतो.

"उडाला," ही म्हणते.

एवढंच होतं तोवर माझी काही तक्रार नव्हती. नवरा-बायकोत एकाने पक्षी बघावेत आणि दुसऱ्याने गाडीची वेळ बघावी, ही कामाची वाटणी मला रास्तच वाटत होती. पण गेल्या खेपेला आम्ही मेहुणीकडे गेलो होतो. तिच्या घरामागे मोठं तळं आहे. संध्याकाळी सगळे काठावर खुर्च्या टाकून बसलो होतो. हिने चिखलाकडे बोट केलं आणि म्हणाली, "वंचक!" वंचक म्हणजे एक लहानखुरा बगळा, बसला की हुबेहूब चिखलाच्या रंगाचा, उडाला की एकदम पांढराशुभ्र. मेहुणीला दिसला, साडूंना दिसला, त्यांच्याकडे आलेल्या विमा एजंटाला दिसला. मला चिखल दिसला. मग त्या चिखलातून काहीतरी पांढरं उठून गेलं, तेव्हा मी दोन चष्म्यांच्या मधे होतो.

"तुम्हाला ना," ही हसत म्हणाली, "दाखवलेलंही दिसत नाही!"

सगळे हसले. साडू जरा जास्त वेळ हसले. विमा एजंट, ज्याची-माझी ओळख होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती, तोही हसला. मी घड्याळात बघितलं. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. माणसाचा अपमान नेमका किती वाजता झाला हे त्याला माहीत असलं की तो विसरणं अवघड जातं.

त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी निश्चय केला. दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा मेहुणीकडे जाणार होतो. त्या प्रवासात एक, फक्त एक पक्षी हिच्या आधी मी पाहायचा आणि मी हिला दाखवायचा. त्यापुढे आयुष्यात एकही पक्षी दिसला नाही तरी चालेल.

घरी परतल्यावर तयारी सुरू केली, अर्थात गुपचूप. आमच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी हिची. तिथले पक्षीही हिचेच; कोण कोणाशी भांडलं, कोणाचं बिऱ्हाड कुठे, सगळं तिला ठाऊक. तिथे माझा निभाव लागणार नव्हता. म्हणून मी पुढची गॅलरी निवडली. समोर अरुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे पाणीपुरवठा कार्यालयाची जुनी इमारत. तिच्या सज्जांवर आणि बंद पडलेल्या कूलरांच्या खोक्यांवर पक्षी येऊन बसत. जुन्या बाजारातून मी एक दुर्बीण पैदा केली. तिच्या एका नळीतून जग दिसायचं आणि दुसरीतून धुकं. पण मला एकच पक्षी हवा होता. त्याला एक नळी पुरे.

ही रोज सकाळी दहा ते एक शिवणाच्या वर्गावर शिकवायला जाते, तेव्हा तिच्यापासून गुपित राखणं सोपं होतं. शेजाऱ्यांपासून मात्र आमच्या इमारतीत आजवर कोणालाच काही राखता आलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. "आधी अभ्यास, मग निरीक्षण," ते म्हणाले. त्या पुस्तकात चारशे पक्षी होते आणि त्यांतले साडेतीनशे मला एकाच आईचे वाटले. खालच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, कठड्यावर पाण्याचं भांडं ठेवा. पक्षी आपणहून येतील." हे पटलं. भांडं ठेवलं. अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"कठड्यावर वस्तू ठेवायची तर अर्ज लागतो," ते म्हणाले.

"द्या अर्ज."

अर्ज फक्त कुंड्यांसाठी होता. पक्ष्यांच्या भांड्यासाठी वेगळा अर्ज छापायचा तर आधी सर्वसाधारण सभा बोलवावी लागणार. शेवटी भांड्याची नोंद कुंडी म्हणून करायचं ठरलं. 'रोपाचं नाव' या रकान्यात मी लिहिलं: 'अद्याप उगवलेलं नाही'. सेक्रेटरींनी त्यावर शिक्का मारला आणि महिन्याभरात न उगवल्यास खुलासा करावा लागेल असं बजावलं.

आता निरीक्षण. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने मला शाल दिली होती आणि मी मागून एक कोरं हजेरीपत्रक घेतलं होतं. एकतीस वर्षांची सवय. समोर रकाने नसले की मला जगात काय चाललंय ते समजत नाही. आमच्या हजेरीपत्रकाच्या पहिल्या पानावर 'विभाग' आणि 'उद्देश' अशा दोन ओळी असतात आणि त्या कोऱ्या सोडायच्या नाहीत असा नियम आहे. मी लिहिलं, विभाग: गॅलरी. उद्देश: हिला एक पक्षी आधी दाखवणे. मग आतली पानं आखली. पक्ष्यांची नावं मला येत नव्हती, म्हणून क्रमांक दिले. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, शेरा.

पहिल्या आठवड्यातली नोंद अशी: 'क्र. ३. १०.१२ ला हजर. मान खाजवली. १०.१५ ला गेला, परतला नाही. क्र. ५. काल १०.०५, आज १०.५०. उशीर. क्र. ७. हजर, पण काम काहीच नाही. नुसता शेपटी वर करून बसतो.'

मी रोज दहाच्या ठोक्याला गॅलरीत बसत होतो. डोळ्याला दुर्बीण, मांडीवर हजेरीपत्रक, मधून मधून घड्याळाकडे नजर. हे दृश्य रस्त्यापलीकडून कसं दिसत असेल याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. येणार कसा? मी पक्षी बघत होतो.

पाणीपुरवठा कार्यालय दहाला उघडतं असं बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. माणसं अकरापर्यंत येत. हा प्रकार इतक्या वर्षांचा, की पाटीच चुकली आहे असं सगळे समजून चालले होते. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पेपर खाली घेऊन माझ्याकडे टक लावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोघांना बोलावून मला दाखवलं. (मी त्यांना लगेच दिसलो, हे इथे नमूद करतो.) आणि पुढच्या सोमवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना समोरच्या दारातून एकवीस माणसं ओळीने आत गेली. चोराच्या मनात चांदणं!

मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की पक्षी कमी झाले. कसे राहतील? वर्षानुवर्षं बंद असलेल्या खिडक्या फटाफट उघडत होत्या, फायली झटकल्या जात होत्या, धुळीचे लोट सज्जावर येत होते. क्र. ३ कायमचा गेला. क्र. ५ ची तीन दिवस गैरहजेरी लागली. एकटा क्र. ७ तेवढा टिकून होता.

तिकडे ग्रंथपालांची दोन वर्षं रखडलेली गळक्या नळाची तक्रार एका दुपारात मिटली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला नळजोडणी मिळाली, आणि जोडायला आलेल्या माणसाने वर "आणखी काही सेवा?" असंही विचारलं. सेक्रेटरी हुशार माणूस. त्यांनी दोन दिवस रस्त्यावर उभं राहून आधी समोर बघितलं, मग वर बघितलं, आणि दुसऱ्या सकाळी, ही वर्गावर गेल्यावर, शिष्टमंडळ घेऊन आले.

"काका, मंगळवारी तीन वाजता जरा बसाल का? माझी फाइल त्या वेळी चार नंबरच्या टेबलावर असते."

"अहो, मी पक्षी बघतो."

"हो हो, पक्षीच," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी डोळा मारला. माझ्या वयाच्या माणसाला आजवर कोणी डोळा मारला नव्हता.

मी परोपरीने सांगितलं. जेवढं सांगावं तेवढा त्यांचा आदर वाढत गेला. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीला उशी आणून दिली, ग्रंथपालांनी छत्री बांधली; हिला मी ती उन्हासाठी म्हणून सांगितलं. भांड्याच्या अर्जाचा खुलासा सभेशिवाय माफ झाला. एकदा मला सर्दी झाली, तर सेक्रेटरी माझी टोपी मागून घेऊन गेले आणि ती झाडूच्या दांड्यावर चढवून गॅलरीत उभी केली. त्या दिवशी समोरच्या कार्यालयात रोजच्याइतकंच काम झालं, असं त्यांनी मला येऊन सांगितलं. एकतीस वर्षांच्या अनुभवाची किंमत एक टोपी आणि एक झाडू! आणि ज्यासाठी हे सगळं मांडलं होतं, त्याच्या नावाने पूज्य. प्रवासाला आठ दिवस उरले होते आणि खात्रीने ओळखू शकेन असा एकही पक्षी माझ्या पदरात नव्हता.

एवढ्यात दुष्काळात तेरावा महिना आला. समोरच्या कार्यालयाचं पत्र! 'आपण कोणत्या अधिकाराने या कार्यालयाचे निरीक्षण करीत आहात, याचा खुलासा कागदपत्रांसह समक्ष हजर राहून करावा.'

गेलो. साहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावर. साहेब म्हणजे चष्म्याआड दमलेले डोळे असलेले पन्नाशीचे गृहस्थ. पाठीमागे खिडकी, खिडकीला बंद कूलरचं खोकं. दाराशी सगळं कार्यालय उभं.

"आपल्याला वरून कोणी पाठवलंय?" साहेबांनी सौम्यपणे विचारलं.

"कोणी नाही. मी पक्षी बघतो."

"असंच सांगायचं असतं, ते आम्ही समजू शकतो," साहेब म्हणाले. "ते रजिस्टर द्या."

त्यांनी मधलंच पान उघडून वाचायला सुरुवात केली. "क्रमांक पाच. काल दहा-पाच, आज दहा-पन्नास. उशीर." दाराशी कोणीतरी पटकन घड्याळात बघितलं. "क्रमांक सात. हजर, पण काम काहीच नाही." एक धिप्पाड कारकून कासावीस होऊन म्हणाला, "साहेब, माझी बदली नुकतीच झालीये, मला अजून काम दिलेलंच नाही!"

"पुढे वाचा," मी ओरडलो, "शेपटी आहे त्याला!"

"बरं," साहेब म्हणाले, "तुम्ही पक्षीनिरीक्षक ना? मग क्रमांक सात कोणता पक्षी?"

मी लांबचा चष्मा शोधायला लागलो.

"क्रमांक तीन?"

चारशे पक्ष्यांचं पुस्तक डोळ्यांपुढून झर्रकन गेलं आणि त्यातून एकही बाहेर आला नाही. साहेबांनी खेदाने मान हलवली. मी खरंच पक्षी बघतो हे सांगणारी कोणी जबाबदार व्यक्ती आहे का, असं त्यांनी विचारलं. होती. पण जगात सगळ्यांत शेवटी हे कळायला हवं होतं ते तिलाच. शेवटी आलिया भोगासी म्हणून मी हिला फोन केला.

ही शिवणाच्या वर्गावरून थेट आली. हातात भाजीची पिशवी, गळ्यात इंच-टेप तशीच. माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. साहेबांनी तिला क्रमांक सातची नोंद वाचून दाखवली, हा कोणता पक्षी ते विचारलं, आणि ती उत्तर देणार तेवढ्यात पहिलं पान उलटलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं:

"विभाग: गॅलरी. उद्देश: हिला एक पक्षी आधी दाखवणे."

माझे कान इतके तापले, की त्यांनी इस्त्री करता आली असती. हिने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ही म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"मी," ही म्हणाली. मग जरा घसा साफ करून म्हणाली, "ते क्रमांक सात म्हणतात ना, तो दयाळ. काळा-पांढरा, शेपटी वर. तुमच्या पाठीमागे त्या कूलरमध्ये त्याचं घरटं आहे. पिल्लं आहेत तीन. मी रोज भाजीला जाते ना खालून, तेव्हा दिसतं. बिचारा काम करत नाही कसा? दिवसभर किडे आणून भरवतो. हल्ली तुम्ही खिडक्या आपटायला लागलात, त्यानं घाबरतो मात्र."

सगळं कार्यालय खिडकीकडे धावलं. "तो बघा!" "अरे हो, चोचीत अळी आहे!" "आत गेला, आत गेला!" धिप्पाड कारकुनाला दिसला. शिपायाला दिसला. कसल्यातरी कामासाठी आलेल्या परक्या माणसालाही दिसला.

"कुठे?" मी म्हणालो.

"कुठे?" साहेब म्हणाले.

"उडाला," सगळे म्हणाले.

मी आणि साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "घरी माझंही हेच आहे हो."

प्रकरण तिथेच मिटलं. 'सदर इसम पक्षीच पाहतो, याबाबत खात्री झाली' असा शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत खिडक्या उघडू नयेत, आवाज करू नये असा हुकूम काढला. मी पक्षीच पाहतो हे सरकारी कागदावर आल्याबरोबर कार्यालय पुन्हा अकराला भरायला लागलं. आमच्या इमारतीत माझं मोल घसरलं. उशी परत गेली. छत्री परत गेली. भांड्यात रोप का उगवलं नाही याचा खुलासा सेक्रेटरींनी लेखी मागितला.

हिने मात्र त्या पहिल्या पानाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी रोज वाट पाहिली, की आता हसेल, मग हसेल. नाही हसली. ते मला हसण्यापेक्षा जड गेलं.

ठरल्या दिवशी आम्ही मेहुणीकडे निघालो. ही खिडकीशी, मी शेजारी. वेळापत्रक मी मुद्दाम घरी ठेवलं होतं. लांबचा चष्मा डोळ्यांवर, दोरी लावून. तीन तास मी खिडकीबाहेर असा बघत होतो, जसा पगाराच्या दिवशी कामगार घड्याळाकडे बघतो. काही नाही. तारा दिसल्या, खांब दिसले, एक शेळी दिसली. ही संत्रं सोलत होती आणि, मला आता आठवतं, तीन तासांत तिने माझ्या गुडघ्यावर एकदाही चापट मारली नव्हती.

स्टेशन अर्ध्या तासावर असताना गाडी सिग्नलला थांबली. खाली पाणी आटलेलं डबकं, सगळा चिखल. मी चिखलाकडे बघत बसलो. मग मला काहीतरी खटकलं. त्या चिखलात एक ढेकूळ होतं, आणि ते ढेकूळ काही करत नव्हतं. आता, ढेकळं काही करत नाहीतच. पण हे ज्या तऱ्हेने काही करत नव्हतं ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. एकतीस वर्षं मी ती रोज पाहिली आहे. यंत्राशेजारी मान खाली घालून, अंग चोरून, आपण कामातच आहोत असं दाखवत उभा राहिलेला माणूस असाच उभा असतो. तो सुपरवायझरला दिसत नाही, मॅनेजरला दिसत नाही; टाइमकीपरला दिसतो.

"अगं!" मी ओरडलो. "ते बघ! वंचक! खांबाच्या डावीकडे!"

आणि हिच्याकडे वळलो.

हिचा उजवा हात मांडीवरून आधीच वर आलेला होता. बोट अर्धं उघडलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते बोट मिटलं, हात खाली गेला आणि पदराखाली जाऊन बसला. मग हिने खांबाच्या चक्क उजवीकडे बघितलं आणि विचारलं, "कुठे?"

मला एकदम भरून आलं. "अगं डावीकडे," मी म्हणालो. "माझ्या बोटाच्या रेषेत बघ. ते ढेकूळ आहे ना, ते ढेकूळ नाही."

"अगबाई, हो की! मला मेलीला कधी दिसला नसता."

तेवढ्यात गाडीने शिट्टी दिली आणि त्या चिखलातून दोन पांढरेशुभ्र पंख उघडले. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले.

"उडाला," ही म्हणाली.

मी पिशवीतून हजेरीपत्रक काढलं. वंचक, ११.२०, हजर. 'शेरा' या रकान्यापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. खोटी हजेरी मी आजवर कोणाची लावलेली नाही, स्वतःचीही नाही. शेवटी लिहिलं: 'हिचा हात दिसला.'

"काय लिहिलंत एवढं?" हिने अर्धं संत्रं माझ्या हातात देत विचारलं.

"वेळ," मी म्हणालो आणि वही मिटली.